कॉम्तच्या आधी डरखाईम घ्या
समाजशास्त्र शिकवायची सुरुवात कॉम्त या फ्रेंच विचारवंतापासूनच करावी असं म्हणतात, कारण 'समाजशास्त्र' हे नाव त्याने रूढ केलं, पण खरं सांगू का, पहिल्याच तासाला त्याने सांगितलेले मानवी विचारांचे तीन टप्पे (धार्मिक, तात्त्विक, वैज्ञानिक) फळ्यावर लिहिले की पोरं वहीत उतरवून घेतात आणि विषय तिथेच संपतो. मी थेट फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डरखाईमचा १८९७ चा आत्महत्येवरचा अभ्यास काढतो. आधी विचारायचं, आत्महत्या का होतात? सगळे म्हणतात दुःख, गरिबी, डिप्रेशन. मग सांगायचं की त्याच्या आकड्यांत मंदीतच नाही तर अचानक भरभराट झाली तेव्हाही प्रमाण वाढलेलं दिसतं, शिवाय कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत जास्त. वर्ग एकदम गप्प! तिथून जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरकडे जाणं सोपं, तोही १९०४-०५ मधे प्रोटेस्टंटांवरच लिहितोय ना. मार्क्स मात्र घाईत उरकू नका.