रोजच्या १८ किलोमीटरसाठी जुनी सायकल: या दोनपैकी कोणती घेऊ?

मृण्मयी
पुढच्या महिन्यापासून ऑफिसला सायकलने जायचं ठरवलंय. जाऊन-येऊन १८ किलोमीटर, वाटेत एक उड्डाणपूल. नवी घेण्याइतके पैसे नाहीत, म्हणून दोन जुन्या बघून आले. पहिली २१ गिअरची, जाड गुट्ट्यांचे टायर, पुढे शॉकअप, रंग एकदम चकाचक. दुसरी बिनगिअरची, लोखंडी फ्रेम, मडगार्ड-कॅरिअरसकट. पण दोन वर्षं जिन्याखाली पडून होती, चेन गंजलीय. मन पहिलीवर आहे. माझी उंची ५ फूट २ इंच. नक्की काय काय तपासू?

अनंता
मी आजवर तीन जुन्या सायकली घेतल्या. पहिलीत फसलो, रंगाला भुलून. फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) मागे वाकलेला होता आणि ते घरी आणल्यावर कळलं; वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला घासायचा.

म्हणून आधी खाली वाका. हँडलखालचा उभा नळा आणि पॅडलकडे जाणारा तिरका नळा जिथे जोडलेत, त्याच्या खालच्या अंगाने बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा तडा हाताला लागला तर गाडी समोरून धडकलेली असण्याची दाट शक्यता आहे. कितीही स्वस्त देत असले तरी घेऊ नका.

मग चेन मोजा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरला की बरोबर १२ इंचांवर (शून्यावरची पिन न मोजता) २४ वी पिन यायला हवी. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायची. १/८ इंच असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातेही झिजलेले समजा; त्यांच्यावर नवी चेन घसरते आणि भर रहदारीत पाय एकदम सुटतो. चाक फिरवून ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. चाक थोडं डगमगत असेल तर तो आउट काढून मिळतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलशी टकटक जाणवली तर तिथले बेअरिंगचे कप सैल आहेत. क्रँकही (पॅडलचा दांडा) आडवा हलवून बघा, सैल नको.

गंज, टायर, केबल यांना घाबरू नका, त्यांचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. शॉकअपचा मोह मात्र सोडा. स्वस्तातला शॉकअप जड असतो आणि चढावर तुमचा जोर तो दाबण्यातच जातो.

वैशाली
चेनचं अगदी बरोबर. गिअरबद्दल मात्र सांगते: पूल चढताना समोरून वारा असला की बिनगिअरची गाडी गुडघ्यांवर येते, मी वर्षभर सोसलंय. उपाय सोपा आहे. मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील असेल तर २० चं बसवा.

सीटचा पाइप वर-खाली होतो का, हे विकत घेण्याआधी बघा. पडून राहिलेल्या गाडीत तो आत धरून बसतो. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. रिम चमकदार स्टीलची असेल तर ओली झाल्यावर ब्रेक फार उशिरा लागतो, तेवढं अंतर सोडून चालवा. आणि पॅडलच्या नळ्याखालचा फ्रेम नंबर लिहून घ्या. नंबर घासलेला दिसला तर गाडी चोरीची असू शकते.

मृण्मयी
दोघांचेही मनापासून आभार. काल पट्टी घेऊनच गेले. पहिलीच्या तिरक्या नळ्याखाली केसासारखा तडा होता, रंगही तेवढाच फुगलेला. तिथेच सोडली.

दुसरीची चेन पूर्ण १/८ इंच वाढलीय. सीटचा पाइप हलेना. मालकांनी रात्रभर तेल सोडून ठेवलं, आज सकाळी सुटला. सीट खाली आणली, टाच नीट टेकते. चेन, २० चं फ्रीव्हील, दोन्ही टायर यांचा खर्च त्यांनी वजा केला. घेतली!

अनंता
उत्तम. पहिल्या ५० किलोमीटरनंतर क्रँक आणि दोन्ही चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.