'कधीतरी करू' वाल्या गोष्टी कुठे ठेवता?

अर्धीकल्पना: रोजच्या कामांच्या यादीत 'जपानी शिकणे', 'ब्लॉग?', 'जुने फोटो' असल्या नोंदी साचल्यात. खरी कामं त्यांत हरवतात. त्या बाजूला काढायच्यात, पण कायमच्या विसरायच्या नाहीत. फोन अँड्रॉइड. पैसे घालायचे नाहीत, आठवड्याला दहा मिनिटांहून जास्त वेळ नाही. काय वापरू?

निळीशाई: डोळे मिटून थिंग्ज हे कामांच्या यादीचं ॲप घ्या. त्यात 'समडे' कप्पा आयताच आहे, तिथलं काही 'आज'मध्ये डोकावत नाही. पैसे एकदाच भरायचे.

टर्मिनल_७: ते फक्त ॲपलवर चालतं, आणि फुकट हवंय असं वर लिहिलंय. ऑर्ग-मोड वापरा, म्हणजे ईमॅक्स या संपादकातली साध्या मजकुराच्या फाइलींत याद्या ठेवायची सोय. 'कधीतरी'ची फाइल अजेंड्यात (रोज बघायच्या यादीत) घालायची नाही, रीफाइलच्या (नोंद हलवायच्या) ठिकाणांत मात्र घालायची. रोज दिसत नाही, पण इनबॉक्समधली नोंद कंट्रोल-सी कंट्रोल-डब्ल्यूने तिकडे सरकवता येते. फोनवर या फाइलींसाठी ऑर्गझ्ली ॲप.

कोरीपाटी: ॲप कुठलंही घ्या, नोंद कशी लिहिता ते महत्त्वाचं. 'ब्लॉग?' सहा महिन्यांनी वाचून काय कळणार? काय करायचंय, कल्पना कशावरून सुचली आणि कधी, एवढं एका ओळीत हवंच. खोटी मुदत अजिबात नको. ती उलटते, यादी लाल होते, मग खऱ्या मुदतींकडेही डोळेझाक होते.

निळीशाई: मुदतच नसेल तर उघडून बघणार कोण? तारीख हवीच.

कोरीपाटी: बघायची तारीख वेगळी, करायची वेगळी. जीटीडी ('गेटिंग थिंग्ज डन') या कामं लावायच्या पद्धतीत ठरावीक दिवशी समोर यायला हवं ते टिकलर, म्हणजे आठवण करून देणाऱ्या, फाइलमध्ये जातं: ३१ दिवसांचे आणि १२ महिन्यांचे मिळून ४३ फोल्डर. बाकीचं 'समडे/मेबी'त, आणि ते साप्ताहिक आढाव्यात वाचायचं.

साठवण: अख्खी यादी दर आठवड्याला दहा मिनिटांत वाचून होत नाही. चार भाग करा: शिकणे, लिहिणे, घर, माणसं. आठवड्याला एक भाग, महिन्यात फेरी पूर्ण. पुस्तकं-सिनेमे त्यात नकोत, त्यांची यादी निवडायच्या वेळीच लागते. रोजच्या यादीत काढताना एकच नोंद काढा आणि पहिली कृती लिहूनच काढा. 'जपानी शिकणे' नव्हे, 'हिरागानाच्या ४६ पैकी पहिली पाच अक्षरं गिरवणे'. कृती सुचत नसेल तर नोंद कच्ची आहे, राहू द्या तिथेच.

टर्मिनल_७: +१. आणि डिलीट करू नका, 'सोडलेल्या' मथळ्याखाली हलवा. साध्या मजकुराच्या फाइलीत शोधता तरी येतं.

निळीशाई: सोडलेलंही साठवायचं तर यादी हलकी कशी होणार? वर्षभर हात न लागलेलं सरळ पुसावं.

अर्धीकल्पना: सगळ्यांचे आभार. नवीन ॲप घेत नाही, वेगळी फाइलही नाही. गूगल कॅलेंडरात दर रविवारी दहा मिनिटांची नोंद लावते आणि तिच्या वर्णनातच यादी लिहिते. चार भाग आणि एका ओळीची रीत मात्र घेतली.

साठवण: चालेल, पण वर्णन बदलून सेव्ह करताना 'हा आणि यापुढचे' असा पर्याय निवडा. 'फक्त हा' निवडलंत तर बदल त्या रविवारपुरताच राहील आणि पुढच्या आठवड्यात जुनीच यादी उघडेल.