ए लेव्हल इंग्रजी साहित्य: अनसीन कवितेत गुण का जातात?

दांडियाबाजार: मुलगी बडोद्यात अकरावीला, केंब्रिज ए लेव्हल, विषय इंग्रजी साहित्य (कोड ९६९५). नेमलेली पुस्तकं पाठ आहेत, तरी निबंधाला २५ पैकी ११-१२च्या वर गुण नाहीत. अनसीन, म्हणजे आधी न वाचलेली कविता आली की पानभर अर्थ लिहून देते. क्लास लावावा का? घरी मराठीच बोलतो, त्याने काही अडेल का?

जुनी वाचक: अडचण अर्थ लिहिण्यातच आहे. कविता काय म्हणते हे परीक्षकाला माहीत असतं, ती तसं कशी म्हणते ते त्याला हवं असतं.

विल्यम ब्लेकची 'लंडन' घ्या, १७९४ची, सोळाच ओळी. पहिल्या कडव्यात 'चार्टर्ड' दोनदा येतो, आधी रस्त्याला, मग थेम्स नदीला. चार्टर म्हणजे सनद. रस्त्याची सनद एक वेळ समजेल, पण वाहत्या पाण्याची? कवीचा राग तिथेच दिसतो. पुढे 'मार्क' हे क्रियापद, म्हणजे मी टिपतो. लगेच चौथ्या ओळीत तोच शब्द नाम होऊन दोनदा येतो, चेहऱ्यांवरच्या खुणा म्हणून. आता अक्षरं, म्हणजे उच्चारातली सिलॅबल मोजा, 'एव्हरी' दोन अक्षरी धरून. पहिल्या तीन ओळी आठ-आठ, चौथी सात. सुरुवातीचं हलकं अक्षर गळाल्यामुळे आघात थेट 'मार्क्स'वर आदळतो. एवढं नीट मांडलं तरी दोन भक्कम परिच्छेद होतात.

आणि लघु-गुरू लावू नका, आपली मुलं हमखास तिथे चुकतात. इंग्रजी छंद आघातावर चालतो. ओळ मोठ्याने, टेबलावर बोटाने ठेका देत वाचायची. घरच्या मराठीने काही अडत नाही. रसग्रहणाची सवय असेल तर उलट फायदाच.

प्रतापनगर: वेळेचं बघा. पेपर १ नाटक-कविता, पेपर २ गद्य-अनसीन. प्रत्येकी दोन तास, दोन प्रश्न, ५० गुण, म्हणजे एका उत्तराला एक तास. त्यात १२ मिनिटं वाचन आणि खुणा, ३ मिनिटं आराखडा, ४० मिनिटं लेखन, उरलेल्यात तपासणी. मुलं पाचव्या मिनिटाला लिहायला लागतात आणि मुद्दा दुसऱ्या पानावर सापडतो. आठवड्याला एक अनसीन, घड्याळ लावून. क्लासपेक्षा हे आधी करा.

जुनी वाचक: बरोबर. फक्त अलंकारांची यादी नको. 'इथे अनुप्रास आहे' एवढ्याने काही मिळत नाही, त्याने काय साधलं ते त्याच वाक्यात आलं पाहिजे.

दांडियाबाजार: आभार. कोटेशन किती पाठ करावीत? समीक्षकांची मतंही पाठ करायला सांगितली आहेत.

प्रतापनगर: परीक्षेत पुस्तक जवळ नसतं, तेव्हा पाठांतर लागतंच. पण अख्ख्या ओळी नकोत. तीन-चार शब्दांचे तुकडे, पुस्तकामागे पंचवीसेक, प्रसंगाच्या क्रमाने. तुकडा आपल्या वाक्यात बसवता येतो, लांब ओळ वाक्याचा कणा मोडते. उताऱ्यावरच्या प्रश्नात उतारा छापलेलाच असतो, तिथे जवळून वाचन करायचं आणि बाकीच्या पुस्तकाशी एक-दोन धागे जोडायचे. समीक्षकांचं यंदा सोडा. इतरांच्या मतांचं मूल्यमापन हा निकष दुसऱ्या वर्षाच्या पेपर ३ आणि ४ला लागतो, एएसला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पेपरांना नाही. नेमलेली पुस्तकं मात्र बदलत असतात, तिच्या परीक्षेच्या वर्षाचाच अभ्यासक्रम उघडून बघा.