लाइव्ह पोकर: दोन बाय-इन गेले की उठायचंच का?

रातकिडा: माझं ठरलेलं आहे. बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना घेतलेल्या चिप्स. १०० बिग ब्लाइंडचा (दर डावाला लावावी लागणारी मोठी सक्तीची पैज) एक, असे दोन बाय-इन गेले की खुर्ची सोडायची, टेबल कितीही सैल असो, म्हणजे समोरचे वाट्टेल त्या पत्त्यांवर खेळत असले तरी. हे एका रात्रीने शिकवलं. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोर राजांची, फ्लॉपआधीच, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडण्याआधीच, सगळ्या चिप्स आत. रिव्हरला, शेवटच्या पत्त्याला, राजा. तो डाव पत्त्यांनी नेला. पुढच्या तासाभरात आणखी तीन बाय-इन गेले, ते मात्र मी घालवले. चिप्स रचताना बोटं थरथरत होती, तरी डीलरला ‘अजून एक’ म्हणत होतो.

हिशेबी: एक्क्यांविरुद्ध राजे पाचांत जवळपास एकदा जिंकतातच. चूक झाली ती रागात खेळण्याची, त्यावर उपाय म्हणून दोनचा आकडा कशाला? लाइव्हमध्ये, म्हणजे ऑनलाइन नव्हे तर प्रत्यक्ष टेबलावर, तासाला जेमतेम २५-३० डाव होतात. आठ तास बसलात तरी २००-२४०. तेवढ्यात दोन बाय-इन खाली जाणं चांगल्या खेळाडूच्याही वाट्याला येतं. समोर दोघं वाट्टेल त्या पत्त्यांवर कॉल करताहेत (पैजेएवढे पैसे लावताहेत) आणि तुम्ही घरी? शिवाय मर्यादा जवळ आली की माणूस दबून खेळतो, जिंकायचे पॉट (डावात मध्ये जमलेले पैसे) सोडून देतो. माझे ३० बाय-इन बाजूला आहेत, दोन गेल्याने काही बिघडत नाही.

रातकिडा: दबून खेळण्याचं खरं आहे, मलाही जाणवतं. म्हणून दुसरा बाय-इन लावतानाच तो गेला असं धरतो. पण ‘मी अजून नीट खेळतोय’ हे ठरवणार कोण? ज्याचे पैसे आत्ताच गेलेत तोच ना? मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्कींनी १९७९ साली हेच मांडलं होतं: तोट्यात असलेला माणूस एरवी टाळेल ती जोखीम घेतो.

चौकट_राणी: मी रातकिडा यांच्या बाजूने. फक्त आकडा डोक्यात ठेवून भागत नाही. मी ठरलेली रोकड नेते, कार्ड घरी ठेवते, आणि ‘मागितले तरी उसने देऊ नका’ असं सोबतच्यांना आधीच बजावते. हिशेबी, तुमचे ३० बाय-इन निव्वळ पोकरचे असतील तरच ते गणित चालेल. घरभाडं त्यातूनच जाणार असेल तर तो बँकरोल, म्हणजे फक्त खेळासाठी वेगळा काढलेला पैसा, नव्हेच.

हिशेबी: ते पैसे वेगळेच आहेत. कार्डाचं पटलं, उद्यापासून करतो. दोनचा आकडा अजूनही पटत नाही. मोठा पॉट गेला की मी बाहेर एक फेरी मारतो आणि मागचे तीन डाव आठवतो. कोणी कधी रेज केलं (पैज वाढवली) ते आठवलं नाही, तर चिप्स उचलतो, त्या रात्री पुढे असलो तरी.