विषय: पिकअप खालच्या गिअरवर येताना मागून 'ठक्क' – शिबिराआधी सल्ला हवा

प्रेषक: सामान समिती (लेकवुड)

नमस्कार मंडळी,

कोलोरॅडोतल्या फ्रिस्कोच्या उन्हाळी शिबिराचं सामान यंदाही आमच्या पिकअपला मंडळाचा ट्रेलर जोडून न्यायचं ठरलंय. पण गाडी हल्ली आवाज करतेय, आणि त्याचा उलगडा झाल्याशिवाय आय-70 महामार्गाचा घाट चढायची माझी तयारी नाही.

गाडी फोर-व्हील ड्राइव्ह, सहा गिअरची ऑटोमॅटिक, 90,000 मैलांच्या पुढे गेलेली. सिग्नलला सावकाश थांबताना, दुसऱ्यावरून पहिल्यावर येते त्या सुमारास, मागून एकच 'ठक्क' येतो. सीटमध्ये जाणवतो. कधी गाडी पूर्ण थांबल्यावर क्षणभराने येतो. रिव्हर्स टाकला की पुन्हा एक. शिवाय जॉर्जटाउनच्या चढावर गिअर खाली आला की पुढून जोरात घोंगावतं.

एका गॅरेजवाल्याने गाडी चालवून न बघताच ट्रान्समिशन उघडावं लागेल म्हणून सांगितलं. खर्च काही हजार डॉलर. कुणी जाणकार सांगेल का, हे खरंच गिअरबॉक्सचं आहे?

---

प्रेषक: स्वयंपाक समिती (ऑरोरा)

गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं होतंस? आमच्या गाडीला गिअर पडताना झटका बसायचा, तो ऑइल बदलल्यावर गेला. घोंगावण्याचं म्हणशील तर टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना वापरायची सोय) चालू असतो का ते बघ. त्यात गाडी मुद्दाम खालचा गिअर धरून ठेवते, उतारावर ब्रेकला पाय लावला तरी एक गिअर खाली येते. आवाज मोठा होतो, पण गाडीने तेच करायला हवं.

मोठी पातेली आणि शेगड्या तुझ्याच ट्रेलरमध्ये आहेत, तेव्हा जे ठरेल ते लवकर कळव.

---

प्रेषक: काका (आर्व्हाडा)

लेकवुडकर, ताई,

जरा सविस्तर लिहितो. दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली तेव्हा आमचे फोरमन विचारायचे, आवाज कसला येतो ते नंतर सांग, कधी येतो ते आधी सांग. थांबताना येतो आणि रिव्हर्सला पुन्हा येतो, हे तू नेमकं लिहिलंस म्हणून मला काही सांगता येतंय.

गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरत असते, तर गिअर बदलताना इंजिनचे आरपीएम उगाच वर गेले असते, गिअर उशिरा धरला असता, ऑइलला जळका वास आला असता. आतला पंप कुरकुरत असता, तर आवाज इंजिनच्या वेगाबरोबर चढला-उतरला असता, गाडी उभी असतानासुद्धा. तुझा आवाज एकच, धातूवर धातू आपटल्याचा, आणि मागून. माझा संशय गिअरबॉक्सच्या मागे आहे: प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा दांडा), त्याचे क्रॉस (टोकांचे वळणारे सांधे) आणि स्लिप योक (सरकणारा सांधा).

पिकअपला मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. ब्रेक दाबला की मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर किंचित पिळवटतो आणि शाफ्टला लागणारी लांबी बदलते. त्यासाठीच स्लिप योक खाचांच्या शाफ्टवर मागेपुढे सरकतो. ग्रीस सुकलं की तो सरकायचा सोडून अडकतो, ताण साठतो, आणि गाडी थांबता थांबता एकदम सुटतो. नेमक्या त्याच वेळी गिअरबॉक्स दुसऱ्यावरून पहिल्यावर येत असतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो.

क्रॉसचंही तसंच. चार टोकांना चार टोप्या, टोप्यांत सुईसारखे बारीक बेअरिंग. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात. ते सील ओलांडून आत गेलं की ग्रीस जातं आणि सुया गंजतात. टोपीभोवती विटकरी भुकटी दिसली तर तो क्रॉस संपला.

सपाट जागी गाडी उभी कर, चाकांना पुढून-मागून ठोकळे लाव, हँडब्रेक ओढ, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. खाली जाऊन शाफ्ट हाताने पिळ. डिफरन्शियलमध्ये (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीत) थोडी ढिलाई असतेच, तिने घाबरू नकोस. क्रॉसच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या हलतात का, एवढंच बघ. त्याच वेळी गिअरबॉक्सखालच्या माउंटिंगचं (आधाराचं) रबर फाटलंय का तेही पाहून घे, त्यानेही धक्का बसतो.

ताई, ऑइलबद्दल तुमचं बरोबर आहे. पातळी आणि रंग बघायलाच हवा. काढलं तर तळाच्या चुंबकावर करडा लेप दिसेल, तो नेहमीचा. धातूचे तुकडे दिसले तर मात्र मला फोन करा. आणि ऑइल बदलल्यावर किंवा बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांचा कॉम्प्युटर गिअर कसे बदलायचे ते नव्याने शिकतो. तेवढ्या काळात थोडे झटके बसतात, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

पुढच्या घोंगावण्याची मला काळजी वाटत नाही. तुझ्या गाडीचा पंखा इंजिनवर फिरत असेल, तर रेडिएटर तापला की त्याचा क्लच पंख्याला पूर्ण वेगाने धरतो. त्यात गिअर पडून आरपीएम वाढले की तो विमानासारखा गर्जतो. त्यातून आपली उंची. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर 1,000 फुटांमागे साधारण 3 टक्के घटते. आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत समुद्रसपाटीच्या मानाने एक तृतीयांश ताकद गेलेली असते. गाडी खालच्या गिअरवर येणार नाही तर काय करेल?

पण गिअरबॉक्स वाचला म्हणून या ठक्कला किरकोळ समजू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नपर्यंत 7 टक्क्यांचा उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथे बाजूला खडीचे चढ करून ठेवलेत, ते सगळ्यांनी पाहिले असतील. त्या उतारावर मागचा क्रॉस तुटला तर इंजिनचा मागच्या चाकांशी संबंध संपतो. खालच्या गिअरने गाडी धरली जाते ती मग धरली जात नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, मागे ट्रेलर ढकलत असतो. आणि पार्कमध्ये टाकूनही गाडी उभी राहीलच असं नाही, कारण पार्कचा अडसर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टला बसतो, चाकांना नाही. दुरुस्ती होईपर्यंत ट्रेलर जोडू नकोस.

---

प्रेषक: सामान समिती (लेकवुड)

काका,

तुम्ही सांगितलंत तसं पाहिलं. डिफरन्शियलजवळच्या क्रॉसच्या दोन टोप्यांभोवती विटकरी भुकटी होती, आणि शाफ्ट पिळला की तिथे हालचाल स्पष्ट दिसत होती. माउंटिंगचं रबर शाबूत आहे. ऑइल लाल, पातळी ठीक, वास नाही. पंखा इंजिनवरचाच आहे.

गाडी फक्त प्रॉपेलर शाफ्टची कामं करणाऱ्या एका दुकानात नेली. त्यांनी काढण्याआधी शाफ्ट आणि योकवर रंगाच्या खुणा केल्या, दोन्ही क्रॉस बदलले, स्लिप योक साफ करून ग्रीस भरलं. ट्रान्समिशनच्या खर्चापुढे ही रक्कम फारच लहान. ठक्क पूर्ण गेला, सिग्नललाही आणि रिव्हर्सलाही. रिकामी गाडी जॉर्जटाउनपर्यंत नेऊन आणली. घोंगावणं चढावर आहे, सपाटीला लागलं की मावळतं.

---

प्रेषक: काका (आर्व्हाडा)

छान झालं. खुणा केल्या हे वाचून त्या दुकानावर माझा विश्वास बसला. शाफ्ट होता तसाच परत बसवला नाही तर तोल बिघडून नवीनच थरथर सुरू होऊ शकते.

आता ट्रेलर. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी 10 ते 15 टक्के भार हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतो त्या जागी) आला पाहिजे, नाहीतर तो उतारावर शेपूट हलवतो. ताईंची पातेली आणि शेगड्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे ठेवा, तंबू आणि खुर्च्या मागे. बोगद्यात शिरण्याआधीच टो-हॉल चालू कर. पलीकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नकोस, थोडा वेळ ठाम दाबून सोडत जा, बाकीचं काम गिअरला करू दे.

---

प्रेषक: स्वयंपाक समिती (ऑरोरा)

वाचलं. गॅसच्या टाक्या आमच्या गाडीत उभ्या बांधून आणते, ट्रेलरमध्ये नकोत. बाकी सामान शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या गोदामातून भरू. काका, भरताना तुम्ही तिथे असाल तर बरं होईल.