उबुंटू २२.०४ : नव्या कर्नलनंतर एनव्हिडियाचे कार्ड सापडत नाही

प्रश्न

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू २२.०४ अशा दोन्ही प्रणाली आहेत. त्यात इंटेलची अंगभूत ग्राफिक्स चिप असून सोबत जीटीएक्स १६५० हे एनव्हिडियाचे कार्ड आहे. वर्षभर ५३५ क्रमांकाचा ड्रायव्हर विनातक्रार चालला. गेल्या आठवड्यात अपडेटमधून नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा नवा गाभा, आला आणि तेव्हापासून एचडीएमआयला जोडलेला मॉनिटर काळाच राहतो, ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रामला कार्ड सापडत नाही आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड ड्रायव्हरशी संपर्क होत नसल्याचे सांगते. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन मात्र व्यवस्थित चालते. मी ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. त्या वेळी एक नवा पासवर्ड मागितला गेला, तो दिला. संगणक पुन्हा सुरू होताना एक निळी स्क्रीन आली, तिच्यावरून मी पुढे गेलो. आता एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची, ड्रायव्हर बसवणारी .रन फाइल चालवून पाहावी का?

प्रतिसाद १

ती .रन फाइल कृपया चालवू नका. आपला ड्रायव्हर उबुंटूच्या पॅकेजांमधून आलेला आहे. त्यावर हा दुसरा संच बसवला, तर त्याच लायब्ररींच्या फायली एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकाच्या नकळत बदलल्या जातात आणि पुढचा प्रत्येक अपडेट संशयास्पद होतो.

लॅपटॉपची स्क्रीन चालते आणि बाहेरचा मॉनिटर चालत नाही, यावरून बरेच कळते. अनेक लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची जोडणी थेट एनव्हिडियाच्या चिपकडे असते, तर आतली स्क्रीन इंटेलकडे. एनव्हिडियाचे पॅकेज बसताना नूव्हो या मुक्त ड्रायव्हरला मज्जाव करणारी फाइलही ठेवते. त्यामुळे एनव्हिडियाचे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चढणारा भाग, चढले नाही, तर त्या चिपला कोणीच वाली उरत नाही. ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘के’ पर्यायासह चालवल्यास कार्डाच्या नोंदीखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरची ओळच नसल्याचे बहुधा दिसेल.

कर्नलला दोष देण्याआधी एक चाचणी करावी. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेनूच्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडून संगणक सुरू करा. तेथे कार्ड चालले तर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधले गेले नाही, असे समजावे आणि मॉड्यूल बांधण्यासाठी लागणारे कर्नलचे हेडर पॅकेज आहे का, ते तपासावे. तेथेही चालले नाही, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल. त्यासाठी ‘डीकेएमएस स्टेटस’ (डीकेएमएस प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधते), ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ आणि ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ या तीन कमांडचे उत्तर येथे द्यावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

जुन्या कर्नलवरही तोच प्रकार आहे. डीकेएमएस दोन्ही कर्नलांपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दाखवते, परंतु मॉडप्रोब ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणून थांबते. सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासू सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू असल्याचे दिसते, आणि याचेच मला आश्चर्य वाटले, कारण उबुंटू बसवताना मी ते बंद केले होते. आता आठवते, की त्याच आठवड्यात बॅटरी बदलण्यासाठी लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता आणि तेथे बायोस (संगणकाचे मूळ फर्मवेअर) अद्ययावत केल्याची नोंद पावतीवर आहे.

प्रतिसाद २

मग कर्नल निर्दोष आहे. बायोस अद्ययावत करताना सेटिंग मूळ स्थितीला गेली आणि सिक्युअर बूट चालू झाले. त्या अवस्थेत उबुंटूचा कर्नल विश्वासू किल्लीची सही नसलेले कोणतेही मॉड्यूल आत घेत नाही. डीकेएमएसने आपल्याच संगणकावर तयार केलेल्या किल्लीने सही केली आहे. फक्त ती किल्ली फर्मवेअरच्या पातळीवर नोंदवलेली नाही. आपण ओलांडलेली निळी स्क्रीन नेमकी त्या नोंदणीसाठी होती.

आता ‘सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट’ ही कमांड द्या आणि तिच्यापुढे व्हार, लिब, शिम-साइन्ड, मोक या क्रमाने येणाऱ्या डिरेक्टरीतील ‘मोक.डीईआर’ या फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. आठ ते सोळा अक्षरांचा साधा पासवर्ड ठेवा, विरामचिन्हे टाळा, कारण त्या स्क्रीनवर अमेरिकन कीबोर्डची मांडणी असते. संगणक पुन्हा सुरू करून निळी स्क्रीन येताच दहा सेकंदांच्या आत एखादी कळ दाबा, ‘एनरोल मोक’ (मोक म्हणजे संगणकाच्या मालकाने नोंदवलेली किल्ली) निवडा आणि तोच पासवर्ड द्या.

सिक्युअर बूट पुन्हा बंद करणे हा सोपा मार्ग वाटेल, परंतु मी तो सुचवणार नाही. आपल्याकडे विंडोजही आहे आणि तेथे बिटलॉकर हे डिस्क कूटबद्ध करणारे साधन चालू असेल, तर या बदलानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते.

प्रतिसाद ३

एक पुरवणी जोडतो. उबुंटू आपल्या कर्नलांसाठी आधीच सही केलेली एनव्हिडिया मॉड्यूलेही देते. त्या पॅकेजांचे नाव ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया’ने सुरू होते. ती वापरल्यास डीकेएमएसची आणि स्वतःच्या किल्लीची गरज राहत नाही. मात्र आपल्या कर्नलच्या मालिकेशी जुळणारे मेटापॅकेजच (प्रत्येक नव्या कर्नलसोबत योग्य मॉड्यूल आणणारे पॅकेज) निवडावे, नाहीतर पुढचा कर्नल मॉड्यूलाविना येईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

किल्ली नोंदवली. मॉडप्रोब निमूट पार पडले, मॉनिटर लागला आणि ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये कार्ड दिसू लागले. .रन फाइल पुसून टाकली आहे. दोघांचेही मनापासून आभार.