मदत हवी आहे: कच्चा डेटा कुठे टाकायचा? उद्या रात्रीपर्यंत!

खोखो_जळगाव: खेळाडूंच्या उडीवरचा पेपर परत आलाय. रिव्ह्यूअरला प्रीरजिस्ट्रेशनचा, म्हणजे अभ्यासाचा आराखडा नोंदवल्याचा, नंबर हवाय आणि कच्चा डेटा सगळ्यांना दिसेल असा. आत्ता ओएसएफवर, त्या संशोधन नोंदवायच्या साइटवर, नोंदणी केली तर चालेल ना? एक्सेल तयार आहे, फक्त कुठे टाकू ते सांगा. लेक्चर नको प्लीज.

तापीकाठ: मोजमापं घेऊन झाली की व्हायचीत?

खोखो_जळगाव: झाली ना, हिवाळ्यातच. म्हणून तर पेपर!

तापीकाठ: मग 'प्री' कसलं? आराखडा मोजमापांआधी नोंदवायचा असतो. ओएसएफवर आजचीच तारीख पडणार. लग्न लागल्यावर साखरपुड्याची पत्रिका छापताय.

बांभोरीकर: सीटीआरआयवर करा, ट्रायल नोंदवायची साइट. सरकारी आहे, फुकट आहे.

तापीकाठ: १ एप्रिल २०१८ पासून तिथेही पहिला माणूस अभ्यासात घेण्याआधीच नोंदणी लागते. आणि ही ट्रायल, म्हणजे माणसांवर उपाय करून बघणारा अभ्यास, आहे का, तेच कुठे कळलंय? दोन गट होते?

खोखो_जळगाव: हो. एकाला सहा आठवडे प्लायोमेट्रिक, म्हणजे उड्यांचे व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचा सराव. त्याने काय फरक पडतो?

पीटी_मास्तर: प्लायोमेट्रिक कशाला? गिरणेच्या वाळूत पळवा पोरांना, उडी आपोआप वाढते. वाळू उरली असेल तर.

खोखो_जळगाव: सर, अभ्यास संपलाय.

शेवभाजी: नावं खोडीसन टाकी दे भो बिनधास्त. कोन वाचस?

खोखो_जळगाव: नावाचा कॉलम उडवलाच आहे. आता गाव, वय, उंची, वजन, उडी आधीची, उडी नंतरची एवढंच.

तापीकाठ: गाव ठेवलंय? खेळाडू कोण आहेत?

खोखो_जळगाव: नंदुरबारकडच्या आश्रमशाळेतल्या मुली, १४ ते १६. सांगायचं राहिलं.

तापीकाठ: अहो! एका पाड्यावरची एकच मुलगी असेल, तर वय आणि उंची वाचून शाळेतलं कुणीही नाव सांगेल. संमतीपत्रात काय लिहिलंय?

बांभोरीकर: तोवर स्पोर्टआर्काइव्ह साइटवर प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचा मसुदा, टाकून द्या की.

खोखो_जळगाव: शोधायला वेळ लागला. संमतीपत्र सिनियरच्या थिसिसमधून उचललं होतं. "मिळालेली माहिती फक्त संशोधकाजवळ राहील." खाली पालकांचे अंगठे.

तापीकाठ: मग ती फाइल कुठेच टाकू नका. संपादकांना सरळ कळवा: आधी नोंदणी केली नव्हती, आणि पालकांना दिलेल्या शब्दामुळे कच्चा डेटा खुला करता येत नाही. गटांच्या सरासऱ्या, प्रमाण विचलन आणि कुठली चाचणी कशी लावली ते पुरवणीत जोडा. एथिक्स कमिटीलाही विचारा.

शेवभाजी: एवढाले कागद? उडी वाढनी ना, बस.

खोखो_जळगाव: आणि पेपर नाकारला तर?

तापीकाठ: नाकारतीलही. मध्येच किती मुली गळल्या?

खोखो_जळगाव: चार. घरच्यांसोबत ऊसतोडीला गेल्या. पेपरात ते नाहीये.

तापीकाठ: आधी ते लिहा.